परतीचं लेव्हलिंग

"अँटेनाची उंची तिरकी मोजली आहे की उभी?"

समीक्षकाच्या तीन पानी अभिप्रायात सातव्या क्रमांकावर हा एका ओळीचा प्रश्न होता. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या काही बिंदूंवर आम्ही ओळीने तीन हिवाळे जीपीएस लावून मोजमापं घेतली होती. त्यातला एक बिंदू वर्षाला सहा मिलिमीटर खाली जातोय, असं आमच्या शोधनिबंधात ठामपणे लिहिलं होतं. प्रश्न वाचून फील्डबुकं काढली. तिसऱ्या वर्षाच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 1.500. पुढे काही नाही. ज्याने मोजलं होतं त्याला फोन केला. त्याने ट्रायपॉडखालच्या खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंत टेप धरला होता, म्हणजे तिरका. तसं मोजणं चूक नाही, फील्डवर बहुतेक जण तसंच मोजतात. फक्त 'तिरकी' हा शब्द लिहायचा राहिला आणि आम्ही तो आकडा उभ्या उंचीच्या रकान्यात भरला. अँटेनाचा व्यास 38 सेंटिमीटर, त्रिज्या 19. तिरकं अंतर दीड मीटर असेल तर उभी उंची येते 1.488 मीटर. फरक 12 मिलिमीटरचा. पहिली दोन वर्षं बिंदू जागच्या जागी, तिसऱ्या वर्षी 12 मिलिमीटर खाली; या तीन आकड्यांमधून रेषा काढली की वर्षाला बरोबर सहा मिलिमीटर. डोंगर खचत नव्हता.

हाच निबंध त्याआधी आम्ही दुसऱ्या एका जर्नलकडे पाठवला होता. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या निबंधांना मिळणाऱ्या उल्लेखांवरून काढलेला आकडा) चांगला, स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत नाव, काम झटपट. नवव्या दिवशी अभिप्राय आला: इंग्रजी सुधारा, प्रस्तावनेत अलीकडचे पाच संदर्भ घाला, नकाशावरची अक्षरं मोठी करा. छापण्याची फी भरायला पैसे नव्हते म्हणून आम्ही तिथून माघार घेतली. पैसे असते तर तो खचणारा डोंगर आज माझ्या नावावर छापलेला असता, आणि तो आकडा घेऊन आणखी कुणी त्यावर पुढचं गणित मांडलं असतं.

गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन बसली होती. कोकण किनाऱ्यावरच्या जमिनीच्या उभ्या हालचालीवर तिने चार वर्षं काम केलंय. समोर एक तक्ता होता: जर्नलचं नाव, इम्पॅक्ट फॅक्टर, क्यू वन की क्यू टू (म्हणजे विषयाच्या क्रमवारीत वरच्या पाव भागात की त्याखालच्या), फी किती, निर्णय किती दिवसांत. "सर, यातलं कुठलं घेऊ?" मी तक्ता दोनदा वाचला. हे जर्नल वाचतं कोण आणि निबंध तपासतं कोण, हा रकाना त्यात नव्हता. तिची त्यात काही चूक नाही. आपण तिला जे रकाने शिकवले तेच तिने भरले.

माझं म्हणणं सरळ आहे. भूगणितात, म्हणजे जिओडेसीत, जर्नल निवडताना पहिला प्रश्न एकच हवा: माझी चूक कुणाला सापडेल? बाकी सगळं त्याच्यानंतर.

इतर विषयांतही हे खरं असेल. पण भूगणितात ते जास्त खरं आहे, कारण इथला निष्कर्ष म्हणजे शेवटी एक आकडा असतो, आणि चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो. युक्तिवादातली फट वाचणाऱ्याला जाणवते. 12 मिलिमीटर जाणवत नाहीत. ते जाणवण्यासाठी ज्याने स्वतः ट्रायपॉडखाली वाकून टेप धरलाय असा माणूस लागतो. लेव्हलिंग, म्हणजे एका जागेवरून दुसरीची उंची मोजत नेणं, करणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेपासून, निघालात की तेवढंच अंतर उलट मोजत परत या, आणि जाण्यायेण्यातला फरक किती ते लिहा. परतीची फेरी न करता लिहिलेली उंची कुणी स्वीकारत नाही. शोधनिबंधाची समीक्षा म्हणजे ही परतीची फेरी. ती कोण करणार हे ठरवणं, म्हणजेच जर्नल निवडणं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भूमीवरचं आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अक्षांशांचं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं. त्रिकोणांच्या साखळीतून एक आकडा आला, ताऱ्यांच्या वेधांवरून दुसरा. फरक सव्वापाच सेकंदांचा (सेकंद म्हणजे इथे अंशाचा 3,600 वा भाग), जमिनीवर दीडशे मीटरहून थोडा जास्त. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो म्हणून असं होत असेल, हा अंदाज घेऊन कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशोब मांडला. उत्तर आलं जवळजवळ सोळा सेकंद, म्हणजे हवं त्याच्या तिप्पट. प्रॅट यांनी हा न जुळणारा हिशोब लपवला नाही. तो त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला आणि तो 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये 1855 साली छापून आला. त्याच खंडात इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांचा छोटासा लेख आहे: पर्वताच्या खाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असलं पाहिजे, म्हणून ओढ कमी भरते. भूकवचाच्या समतोलाची कल्पना तिथे जन्माला आली.

प्रॅट यांनी तो हिशोब कुठल्याही प्रतिष्ठित पण भलत्या मंडळींपुढे ठेवला असता तर 'गणित उत्तम आहे' एवढाच शेरा मिळाला असता. तो एअरींच्या हाती पडला म्हणून भूविज्ञानाची दिशा बदलली.

त्याही आधीचे विल्यम लॅम्ब्टन. त्यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे त्रिकोणांच्या साखळीची पहिली बाजू, मोजून हे सर्वेक्षण सुरू केलं आणि 1823 मध्ये आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. लॅम्ब्टन यांनी आपली सविस्तर मोजमापं कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये दिली, आणि निष्कर्षांचा सारांश 1818 साली लंडनच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये. पृथ्वीच्या आकारावर वाद घालणाऱ्यांना सारांश, आणि ज्यांना याच देशात पुढची साखळी ओढायची आहे त्यांना सगळे आकडे. दोन वाचक, दोन जागा. दोनशे वर्षांनंतरही मला यापेक्षा चांगली सोय सुचत नाही.

आजच्या जागा कुठल्या? आंतरराष्ट्रीय भूगणित संघाचं स्वतःचं 'जर्नल ऑफ जिओडेसी' आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यावर दोन जुनी नियतकालिकं एकत्र येऊन ते झालं. संदर्भचौकटी (जगभरच्या मोजमापांचा समान पाया), गुरुत्वक्षेत्र, उपग्रह-निरीक्षणांचं गणित यांचं ते घर. नवी पद्धत शोधली असेल आणि ती या मंडळींच्या नजरेखालून गेली नसेल, तर ती सिद्ध झाली असं मी तरी धरत नाही. जीपीएस आणि तत्सम उपग्रहप्रणालींच्या सिग्नलचं काम असेल तर 'जीपीएस सोल्यूशन्स'. मोजमापातून पृथ्वीच्या पोटातलं काही सांगायचं असेल, भ्रंश, भूकंप, कवचाची हालचाल, तर 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'चा घन पृथ्वीचा विभाग किंवा 'जिओफिजिकल जर्नल इंटरनॅशनल', कारण तिथला समीक्षक तुमच्या अँटेनाबरोबर तुमच्या भ्रंशाच्या मॉडेललाही हात घालतो. एकाच कामाचं घरसुद्धा काळाप्रमाणे बदलतं. जगाची संदर्भचौकट ठरवणाऱ्या आयटीआरएफ या मालिकेचा 2014 चा निबंध भूभौतिकीच्या जर्नलमध्ये आला आणि 2020 च्या आवृत्तीचा 'जर्नल ऑफ जिओडेसी'त. त्यातल्या कशाने कुणाचा मान कमी झाला नाही.

आणि मग 'सर्व्हे रिव्ह्यू'. 1931 मध्ये 'एम्पायर सर्व्हे रिव्ह्यू' या नावाने निघालेलं, सर्वेक्षकांचं नियतकालिक. पदोन्नतीच्या फॉर्मवर या नावाने कुणाचे डोळे दिपणार नाहीत. पण 1975 साली थॅडियस व्हिन्सेंटी यांनी लंबगोलावरच्या, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या आकारावरच्या, दोन बिंदूंमधलं अंतर काढण्याची आपली रीत इथेच छापली. ती छोट्या कॅल्क्युलेटरवर बसावी म्हणून आटोपशीर लिहिलेली होती. पुढची कित्येक दशकं जगभरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच रीत चालली. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरचे बिंदू घेतले की ती अडते, हा दोष माहीत होता. तो चार्ल्स कार्नी यांनी दूर केला. त्यांचा निबंध 2013 मध्ये 'जर्नल ऑफ जिओडेसी'त आला, पण त्याआधीच, 2011 मध्ये, त्यांनी तो अर्काइव्ह या खुल्या ऑनलाइन भांडारावर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता आणि प्रोग्रामही वाटला होता. सर्वेक्षकांच्या मासिकातला निबंध सर्वेक्षकांपर्यंत पोचला. गणिताचा निबंध गणित तपासणाऱ्यांकडे गेला आणि वापरणाऱ्यांसाठी खुलाही राहिला.

आता इम्पॅक्ट फॅक्टरकडे येतो, कारण त्याचं नाव न घेता आपल्याकडे हा विषय बोलताच येत नाही. तो आकडा काढतात तो मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना यंदा किती उल्लेख मिळाले यावरून. दोन वर्षं. आमच्या क्षेत्रात कायमस्वरूपी जीपीएस स्टेशनची गती भरवशाने सांगायची तर किमान अडीच वर्षांची नोंद हवी, असं 2002 मध्येच दाखवून दिलं गेलंय. त्यापेक्षा कमी काळात ऋतूंमुळे होणारं वरखाली होणंच गती म्हणून समोर येतं. म्हणजे तुमचा निबंध वाचून आज कुणी नवं स्टेशन उभारलं, तर त्याच्या हाती छापण्याजोगी गती येण्याआधीच इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी बंद झालेली असते. आपण गती मोजायला जो काळ अपुरा मानतो, तेवढ्याच काळात आपल्या कामाची किंमत ठरवू देतो.

ग्रेस उपग्रहांचंच घ्या. अवकाशातून गुरुत्व मोजून जमिनीतलं पाणी कमी-जास्त झालेलं ओळखता येईल, हे गणित 1998 मध्ये 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'मध्ये मांडलं गेलं. उपग्रह उडाले मार्च 2002 मध्ये. म्हणजे त्या निबंधाची दोन वर्षांची खिडकी संपली तेव्हा उपग्रह जमिनीवरच होते. 2009 मध्ये त्याच गणिताच्या आधारे दोन निबंध आले. 'नेचर'मधल्या निबंधाने राजस्थान, पंजाब आणि हरियाणात ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात 109 घन किलोमीटर भूजल गेल्याचं सांगितलं. 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स'मधल्या निबंधाने, ज्याच्या पहिल्या लेखकाचं काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतलं, उत्तर भारत आणि भोवतालच्या मोठ्या पट्ट्यासाठी वर्षाला 54 घन किलोमीटरचा आकडा दिला. पहिला वर्तमानपत्रांपर्यंत गेला, आणि जायलाच हवा होता. पंजाबच्या विहिरींचा प्रश्न फक्त भूगणितज्ञांचा नाही. मोठ्या नावाच्या जर्नलला माझा विरोध नाही. निकाल सगळ्यांचा असेल तर सगळ्यांच्या जागी जावं. पण ज्या रीतीवर तो निकाल उभा राहिला, ती अकरा वर्षं आधी तपासणाऱ्यांच्या समोर ठेवलेली होती.

यावर माझे तरुण सहकारी म्हणतात, आणि ते रास्त आहे, की निवड समितीतल्या पाचपैकी चौघांना भूगणित म्हणजे काय हे माहीत नसतं. त्यांच्यापुढे क्यू वन लिहिलेलं नसेल तर आम्हाला उभं कोण करणार? आणि यादीच नसेल तर भुरटी जर्नल्स घुसतील. तीही भीती खरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मंजूर जर्नल्सच्या यादीचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि दुसऱ्या कुठल्याही नामांकित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी जी तपासली, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 जर्नल्स यादीतून काढली. 2019 मध्ये तिच्या जागी आयोगाची केअर ही नवी यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चाललं. 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचं जाहीर झालं आणि जर्नलचा दर्जा ज्याने-त्याने पारखावा असं ठरलं. पीएच.डी.साठी निबंध छापलाच पाहिजे ही अट तर 2022 च्या नियमांतच गेली होती.

मला यात संधी दिसते. सात-आठ वर्षं आपण याद्या करत आणि मोडत बसलो. आता निर्णय विद्यापीठांच्या आणि विभागांच्या हाती आलाय, तर तिथे पुन्हा क्यू वनची पाटी लावू नये. ती पाटी कचरा बाहेर ठेवते, मान्य. पण मला नवव्या दिवशी 'इंग्रजी सुधारा' सांगणारं जर्नल त्या पाटीच्या आतलंच होतं. त्यापेक्षा उमेदवाराला सांगा: तुमच्या सर्वोत्तम निबंधावर आलेले समीक्षकांचे अभिप्राय आणि त्यांना तुम्ही दिलेली उत्तरं फाइलला जोडा. भूगणित न कळणाऱ्या माणसालाही ती दहा पानं वाचून कळतं, की हे काम कुणी खरंच तपासलं की नुसतं पुढे ढकललं. सगळ्याच जर्नल्सना हे अभिप्राय दाखवणं चालत नाही, याची कल्पना आहे. समितीपुरते गोपनीय ठेवून ते वाचता येतील, त्यासाठी फक्त नियम करायची तयारी हवी.

पैशाचं थोडक्यात सांगतो. खुल्या प्रकाशनाची फी अनेक ठिकाणी दोन-तीन हजार डॉलर आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना 37,000 रुपये. म्हणजे एका निबंधासाठी पाच ते सात महिन्यांची शिष्यवृत्ती. 2024 पासून 'जिओफिजिकल जर्नल इंटरनॅशनल'ही पूर्ण खुलं झालंय, वाचकाला फुकट आणि बिल लेखकाकडे. 'जर्नल ऑफ जिओडेसी'त वर्गणीच्या मार्गाने अजून फी न भरता छापता येतं. मग निबंधाची आपली प्रत अर्काइव्हवर ठेवावी, जर्नलच्या नियमात बसेल तशी. 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेतून सहा हजारांवर संस्थांना जवळपास 13,000 जर्नल्स वाचायला मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ती योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातला भूकरमापक त्यात येत नाही. शेताच्या बांधावर रोव्हर, म्हणजे जीपीएसचं फिरतं यंत्र, घेऊन तोच उभा असतो, आणि उंचीच्या संदर्भातली आमची एक सुधारणा त्याच्या मोजणीला सगळ्यात आधी लागते. त्याच्यासाठी ती प्रत मोकळी हवी.

एक अडचण मात्र खास आपली आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. चांगली जर्नल्स आता म्हणतात, निबंधामागचे आकडे सार्वजनिक भांडारात ठेवा. योग्यच आहे. पण भारताच्या फेब्रुवारी 2021 च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत एक मीटर, उभ्या दिशेत तीन मीटर आणि गुरुत्व-विसंगतीत (अपेक्षित आणि मोजलेल्या गुरुत्वातल्या फरकात) एक मिलिगॅल यांपेक्षा बारीक माहिती भारतातच साठवायची आणि भारतातच तिच्यावर काम करायचं. 2021 च्या आधीच्या परवानग्यांच्या जंजाळापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण आमचं सगळं कामच मिलिमीटरचं. आकडे परदेशी भांडारात ठेवायला हात अडखळतो, आणि 'मागितल्यास देऊ' असं लिहिलं की समीक्षक नाराज होतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही झालो असतो. यावर उपाय एकच दिसतो: भारतातच ठेवलेलं, पण कायमचा क्रमांक असलेलं, जगाला ठरलेल्या अटींवर वाचता येणारं भूगणिताचं भांडार. ते होईपर्यंत लॅम्ब्टनची वाट धरावी. स्टेशनांची वर्णनं, फील्डवरच्या नोंदींची रीत, चुकांचे अंदाज, हे सगळं 'करंट सायन्स' किंवा 'जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स' अशा आपल्या नियतकालिकात सविस्तर द्यावं, आणि वाद घालण्याजोगा निष्कर्ष जिथे वाद घालणारे बसलेत तिथे पाठवावा. एकच निकाल दोनदा छापण्याची गोष्ट मी करत नाही. कच्चा माल आणि निष्कर्ष यांचे वाचक वेगळे आहेत, म्हणून दोन निबंध.

विद्यार्थिनीला मी तक्ता बंद करायला सांगितला आणि तिच्याच निबंधाची संदर्भसूची उघडायला लावली. कुठल्या जर्नलमधले किती, मोज. तिने मोजले. 46 पैकी 19 एकाच जर्नलमधले निघाले, आणि ते तिच्या तक्त्यात पाचव्या ओळीवर होतं. मग त्या जर्नलच्या संपादक मंडळाची नावं पाहिली. त्यातल्या दोघांच्या निबंधांतल्या पद्धतीशी तिने स्वतःच्या निबंधात असहमती दाखवली होती. ती जरा गप्प झाली. म्हणाली, "सर, हे तर धरूनच बसतील मला." मी म्हटलं, "बसू देत."

गेल्या शनिवारी तिने निबंध तिथेच पाठवला. पुरवणीत तिने चार वर्षांच्या फील्डबुकांतली अँटेनाच्या उंचीची सगळी पानं फोटो काढून जोडली आहेत. प्रत्येक आकड्याशेजारी तिच्या अक्षरात लिहिलंय: तिरकी, कडेपर्यंत.